सवाल रयतेचा, जबाब व्यापार खात्याचा

मंडळी, सरकारला प्रश्न विचारायचा म्हटले की आपल्याकडचा माणूस अजूनही दोन पावले मागे सरतो. ‘आपण कोण विचारणार?’ असे म्हणतो आणि गप्प बसतो. पण विचारण्याचा हा हक्क काही आभाळातून पडलेला नाही. तो मिळवायला शंभरावर वर्षे लागली. त्यातही व्यापाराचा प्रश्न म्हणजे थेट आपल्या पोटाशी येणारा. कापूस कोणत्या दराने जातो, कांदा बोटीवर चढतो की बांधावर सडतो, बाहेरून डाळ येते की नाही, हे सारे व्यापार खात्याच्या एखाद्या कागदावर ठरते. तेव्हा हे खाते प्रश्नांना उत्तर कसे देते, आणि पूर्वी कसे देत असे, ते आज थोडे पाहू.

आपल्या देशातल्या कायदेमंडळात पहिला प्रश्न कोणता विचारला गेला, ठाऊक आहे? तारीख होती १६ फेब्रुवारी १८९३. विचारणारे होते अवधातल्या भिंगा संस्थानचे राजे. आणि प्रश्न होता खेड्यातल्या दुकानदारांचा! साहेब लोक दौऱ्यावर निघाले की त्यांचा तळ गावाबाहेर पडायचा. त्या तळाला दाणागोटा पुरवण्याची जी पद्धत होती, तिच्यामुळे गावचा वाणी मेटाकुटीला येई. ही गाऱ्हाणी सरकारच्या कानावर आहेत काय, असा तो सवाल होता. म्हणजे आपल्या प्रश्नोत्तरांच्या इतिहासाचा श्रीगणेशाच मुळी खेड्यातल्या दुकानाच्या पायरीवर झाला, असे म्हणायला हरकत नाही.

हा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला होता, पण फार अपुरा. सभासदाने आगाऊ लेखी सूचना द्यायची, सरकारने उत्तर वाचून दाखवायचे, की संपले. त्या उत्तरावर चर्चा करायची नाही आणि पुन्हा विचारायचे नाही. समजा, गुरुजींनी वर्गात सांगितले, “एकदाच विचारा, आणि मी जे सांगेन ते ऐकून खाली बसा,” तर मुले शिकतील काय? तशातलाच तो प्रकार.

तरीही आपल्या माणसांनी त्या अपुऱ्या हक्काचा वापर करून घेतला. लोकमान्य टिळक १८९५ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. सर फिरोजशहा मेहता आणि पुढे नामदार गोखले हे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसले. गोखल्यांनी १९०२ सालच्या अंदाजपत्रकावर जे भाषण केले, त्यात मिठावरच्या कराबरोबर देशी कापडावरच्या जकातीचाही समाचार घेतला. १८९६ पासून आपल्या गिरण्यांच्या कापडावर शेकडा साडेतीन टक्के कर बसवलेला होता. त्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा हट्ट होता, ही गोष्ट लपलेली नव्हती. आपल्याच देशात, आपल्याच कापसाच्या, आपल्याच कापडावर हा कर का? हा सवाल वर्षानुवर्षे विचारला गेला. तो कर अखेर १९२६ साली रद्द झाला. एका प्रश्नाचे खरे उत्तर मिळायला तीस वर्षे लागली. विचारणारे थकले असते, तर तेही मिळाले नसते.

आता खात्याकडे वळू. १९०५ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत हिंदुस्थान सरकारचे व्यापार व उद्योग खाते निघाले. त्याच वर्षी कलकत्त्याला व्यापारी माहितीचा एक खास अधिकारी नेमला गेला. कोणत्या मालाला कोठे मागणी आहे, कोणत्या देशात जकात किती, माल कोण घेतो, असल्या चौकश्यांची उत्तरे मिळण्याची सोय तिथे झाली. १९०६ पासून ‘इंडियन ट्रेड जर्नल’ नावाचे साप्ताहिकही निघू लागले. सोय चांगली होती, यात शंका नाही. पण ती पेढीवाल्याच्या आणि इंग्रजी जाणणाऱ्याच्या कामाची. ज्याचा कापूस त्या पेढीवर जाई, त्या शेतकऱ्याला असे काही खाते आहे याची वार्ताही नसायची. उत्तर तयार होते, पण विचारणारा निवडक होता.

पुढे १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला, आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांनाही ती मुभा मिळाली. उपप्रश्न ही गोष्ट दिसायला लहान, पण खरी गंमत तिच्यातच आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर कारकून आधी लिहून ठेवतो. उपप्रश्न आयत्या वेळी येतो. तिथे मंत्र्याला विषय माहीत आहे की नाही, हे सगळ्या सभागृहाला कळते.

स्वातंत्र्यानंतर संसदेत ही पद्धत पक्की झाली. ती चालते कशी? खासदार निदान पंधरा दिवस आधी प्रश्न देतो. तोंडी उत्तर हवे असेल तर प्रश्नावर तारांकन असते. तसे नसेल तर लेखी उत्तर मिळते. लोकसभेत एका दिवसाला तारांकित प्रश्न वीस. प्रत्येक मंत्रालयाचा वार ठरलेला. प्रश्न वाणिज्य मंत्रालयात पोचला की तो संबंधित शाखेकडे जातो. तिथे जुन्या फायली निघतात, आकडे मागवले जातात, मसुदा होतो, वरिष्ठ तो तपासतात आणि मंत्री त्यावर संमती देतात. शिवाय मंत्र्यासाठी एक वेगळे टिपण तयार होते, ‘असा उपप्रश्न आला तर असे सांगावे’ म्हणून. म्हणजे पाच ओळींच्या उत्तरामागे पाच-पंचवीस माणसांचे हात लागलेले असतात.

पण उत्तर देणे आणि उत्तर टाळणे यांत एक पातळ पडदा असतो, बरं का. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकले असेल! यावर उपाय म्हणून १ डिसेंबर १९५३ रोजी लोकसभेत सरकारी आश्वासनांची समिती नेमण्यात आली. तेव्हा सभापतिपदावर दादासाहेब मावळंकर होते. मंत्र्याने ‘माहिती देऊ’ किंवा ‘विचार करू’ म्हटले की त्याची नोंद व्हायची आणि ते वचन पाळले की नाही, हे समितीने पाहायचे. सावकाराच्या वहीत जसे कर्ज चढते, तसे सरकारचे शब्द वहीत चढू लागले.

व्यापार खात्याची मोठी परीक्षा झाली ती १९७४ साली. तेव्हा परदेशी माल आणायचा तर आयात परवाना लागे, आणि परवाना म्हणजे सोन्याची खाण. पुदुच्चेरीकडच्या काही व्यापाऱ्यांना असे परवाने मिळावेत म्हणून एकवीस खासदारांच्या सह्यांचे निवेदन मंत्रालयाकडे गेले होते. संसदेत त्याबद्दल विचारणा झाली, नावे बाहेर आली, आणि त्यांतले बहुतेक खासदार म्हणू लागले, ‘ही सही माझी नव्हेच!’ मग मधु लिमये यांच्यासारख्या सभासदांनी हे प्रकरण धसास लावले. चौकशी झाली आणि एका खासदारावर खटलाही भरला गेला. हे सारे एका प्रश्नाच्या धाग्याने उसवत गेले.

येथवर प्रश्न विचारत होता तो निवडून गेलेला माणूस. तुम्ही-आम्ही विचारायचे तर कसे? ती वाट पुष्कळ उशिरा मोकळी झाली. गोव्याने १९९७ साली माहितीचा कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या चळवळीनंतर २००२ चा कायदा आला. आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशात माहितीचा अधिकार पुरतेपणी लागू झाला. केंद्र सरकारच्या खात्याकडे अर्ज करायला दहा रुपये फी, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. माहिती का हवी, हे सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगणे लिहून घ्यायला अधिकाऱ्याने मदत करायची. आणि अर्ज चुकीच्या खात्याकडे गेला तर त्याने तो पाच दिवसांत योग्य जागी धाडायचा.

हे शेवटचे कलम शेतकऱ्याला फार मोलाचे. का, ते कांद्याच्या उदाहरणाने पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क बसले. ७ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदीची अधिसूचना निघाली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरच्या किमान दराची अट आली आणि शुल्कही होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. दीड वर्षात इतक्या वेळा दार उघडले-मिटले! लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने विचारायचे कोणाला? बंदी आणि किमान दर हे वाणिज्य मंत्रालयाच्या परकी व्यापार महासंचालनालयाचे काम. शुल्क हे अर्थ मंत्रालयाचे. बाजारभावावर नजर ग्राहक व्यवहार विभागाची. पिकाचा अंदाज कृषी मंत्रालयाचा. चार दारे, आणि दारावर पाटी इंग्रजीत! म्हणूनच अर्ज फिरवून योग्य दारी पोचवण्याचे ते कलम महत्त्वाचे.

आणखी एक गोष्ट ध्यानात धरा. हा कायदा कागद देतो, वाद घालत नाही. ‘आमचे वाटोळे का केले?’ असे लिहिले तर ‘ही माहिती नव्हे’ एवढेच उत्तर येईल. जी माहिती दफ्तरात आहे तीच मिळते, नवी तयार करून देण्याचे बंधन खात्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा विचारावे असे: ‘अमुक तारखेच्या अधिसूचनेच्या फायलीतील टिपणांच्या प्रती द्या. त्या वेळी खात्यापुढे उत्पादनाचे आणि साठ्याचे कोणते आकडे होते, त्या कागदाची प्रत द्या.’ कागद हाती आला की ‘का’चे उत्तर त्यातच सापडते. व्यापारी गुपिताचे कारण सांगून खाते कधी नकार देईल. पण व्यापक जनहित असेल तर तीही माहिती देता येते. मंत्रिमंडळाचा निर्णय होऊन विषय संपला की निर्णय आणि त्याची कारणे उघड करावीत, असेही कायदा म्हणतो. नकार आला तर अपील करता येते.

गुरुजी, तुम्हाला एक सुचवावेसे वाटते. नागरिकशास्त्राच्या तासाला मुलांना गावच्या पिकाविषयी एक-एक प्रश्न लिहायला सांगा. मग वर्गाने मिळून ठरवावे, की हा प्रश्न कोणत्या खात्याचा, आणि त्याचे उत्तर कोणत्या कागदात असेल? मोघम प्रश्न कोणता आणि नेमका कोणता, हे मुलांना आपोआप कळू लागेल. भिंग्याच्या राजांना गावच्या वाण्यासाठी जे विचारावे लागले, ते आज वाण्याचे पोर स्वतः विचारू शकते. मात्र विचारायची सवय लागली पाहिजे. ज्या खात्याला कोणी काही विचारत नाही, त्याच्या फायलींवर धूळ साचते. आणि त्या धुळीखाली आपलाच भाव दबलेला असतो.