चांगीच्या तुरुंगातल्या गोधड्या



गेल्या महिन्यापासून आमच्या महिला मंडळात गोधडीचे काम सुरू आहे. प्रत्येकीने घरातल्या जुन्या कापडाचा वीतभर चौकोन शिवून आणायचा, सगळे जोडायचे आणि गोधडी वृद्धाश्रमाला द्यायची. पहिल्याच दिवशी एक वहिनी म्हणाल्या, "माझा चौकोन जाऊबाईंच्या शेजारी लावणार असाल तर मी देत नाही." दोघी गेली चार वर्षे बोलत नाहीत. मी गप्प बसले. घरी आल्यावर मात्र मला चांगीच्या गोधड्या आठवल्या.

दुसऱ्या महायुद्धात, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. तिथल्या युरोपीय नागरिकांना चांगीच्या तुरुंगात डांबले. त्यांत सुमारे ४०० स्त्रिया आणि मुले होती. पुरुष त्याच तुरुंगाच्या दुसऱ्या भागात किंवा सैनिकांच्या छावणीत. मधे भिंती आणि पहारा. नवरा जिवंत आहे की नाही, हे बायकोला कळायला मार्ग नव्हता आणि त्यालाही तिची काही खबर नव्हती.

आधी तिथल्या गर्ल गाइड मुलींनी आपल्या बाईंच्या वाढदिवसासाठी कापडाच्या छोट्या षटकोनी तुकड्यांची गोधडी शिवायला घेतली. त्यावरूनच मोठ्यांना कल्पना सुचली, असे सांगतात. पुढाकार घेतला एथेल मुलवनी या कॅनेडियन बाईंनी. प्रत्येक स्त्रीला पांढऱ्या कापडाचा एक चौकोन मिळाला. कापड म्हणजे बहुतेक पिठाच्या पिशव्या आणि चादरी. त्यावर स्वतःबद्दल काहीतरी भरायचे आणि खाली आपले नाव घालायचे, एवढीच अट.

अशा तीन गोधड्या झाल्या, प्रत्येकीत ६६ चौकोन. एक जखमी ब्रिटिश सैनिकांसाठी, एक ऑस्ट्रेलियन सैनिकांसाठी. कुणी फुले भरली, कुणी घर, कुणी तुरुंगाची कोठडी. पहारेकऱ्याला ते नुसते भरतकाम दिसे. पण गोधडी रुग्णालयात पोचली की तिथले पुरुष आधी चित्र बघत नसत, नाव शोधत. नाव सापडले की कळे, ती जिवंत आहे. सुईदोऱ्याने लिहिलेले पत्रच होते ते.

तिसरी गोधडी कुणासाठी होती माहीत आहे? जखमी जपानी सैनिकांसाठी. ज्यांनी कैदेत टाकले, त्यांच्यासाठी. तिच्या मागच्या बाजूला धाग्याने लिहिले आहे की, तुमच्या वेदनांबद्दल आम्हाला सहानुभूती वाटते आणि युद्ध संपल्यावर ही जपानच्या रेडक्रॉसला द्यावी. वर आपल्यासारख्याच गृहिणीची सूचना: ड्रायक्लीन करावी!

काही जण म्हणतात, पहिल्या दोन गोधड्यांना परवानगी मिळावी म्हणून ही तिसरी शिवली. तसे असेलही. पण नुसता देखावा करायचा असता तर एवढे चौकोन कोण मन लावून भरते? टाका घालताना मनातला राग हळूहळू सैल होतो, हे आपल्यापैकी जिने वाकळ शिवली आहे तिला वेगळे सांगायला नको. क्षमावाणीच्या दिवशी आपण सगळ्या जीवांची क्षमा मागतो. शब्द तोंडपाठ असतात. त्या बायकांना आपले शब्द माहीत नव्हते, पण काम तेच होते.

आज जपानी आणि ऑस्ट्रेलियन गोधडी ऑस्ट्रेलियाच्या युद्ध स्मारकात आहे, ब्रिटिश गोधडी ब्रिटिश रेडक्रॉसकडे आणि मुलींची लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये.

मागच्या रविवारी मंडळात मी ही हकीकत सांगितली. सगळ्या ऐकत होत्या. वहिनींनी एवढेच विचारले, "त्या तिसऱ्या गोधडीवरपण बायकांनी आपली नावे घातली होती?"

"हो," मी म्हटले.

जाताना त्यांनी पिशवीतून चौकोन काढून माझ्या हातात दिला. हिरव्या इरकलीच्या काठाचा, सुरेख धावदोरा घातलेला. "कुठेही लाव," म्हणाल्या.

अजून लावलेला नाही. जाऊबाईंचा चौकोन यायचा आहे.