तीस दिवसांची मुदत

मिलानच्या चर्चच्या दारात रोमन सम्राट थिओडोसियसला अडविणारा बिशप अँब्रोज रुबेन्सने रंगविला, व्हॅन डाइकनेही रंगविला. चित्रे मोठी देखणी आहेत. परंतु खुद्द अँब्रोजच्या लेखनात दारातल्या त्या नाट्याचा मागमूसही नाही. त्याने केले ते इतकेच, की एक पत्र लिहिले.

ही हकीकत इ. स. ३९० मधली. थेस्सलनीका शहरात लोकांचा लाडका एक सारथी होता. काही गैरवर्तनाबद्दल तिथला सेनाधिकारी बुथेरिक याने त्याला कोठडीत टाकले. रथांच्या शर्यतीसाठी त्याला सोडा, असा जमावाचा हट्ट, बुथेरिक ऐकेना. दंगल उसळली आणि तीत बुथेरिकच मारला गेला. मिलानला ही बातमी पोचताच सम्राट संतापला. शहराला शासन करा, असा हुकूम सुटला. मागाहून त्याला उपरती झाली, दुसरा हुकूम निघाला. पण तो पोचण्याआधीच सैनिकांनी कापाकाप उरकली होती. अपराधी कोण, निरपराधी कोण, हे कोणी पाहिले नाही. थिओडोरेट हा इतिहासकार मृतांचा आकडा ७,००० देतो. तो लिहीत होता अर्धशतकानंतर, तेव्हा आकड्यावर भिस्त ठेवू नये. पण शेकड्यांनी माणसे मेली असती तरी काय कमी होते?

अँब्रोज प्रकृतीचे निमित्त करून मिलानबाहेर गेला आणि तिथून त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. ते सम्राटाखेरीज कोणी वाचू नये म्हणून. हा बिशप पूर्वी त्याच प्रांताचा सुभेदार होता. हुकूम कसे सुटतात हे त्याला पुरते ठाऊक. राज्यकर्त्याचा अधिकार देवाकडून येतो, ही पौलाची शिकवण त्याने नाकारली नाही. त्याने आठवण दिली ती दावीद राजाची. उरियाची बायको घेऊन त्याला मरणाच्या तोंडी दिल्यावर नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि त्या एवढ्या मोठ्या राजाने ‘मी पाप केले’ म्हणून कबुली दिली. तुला त्याची लाज का वाटावी? तू समोर असशील तर मला यज्ञार्पण करवणार नाही, एवढे सांगून त्याने पत्र संपविले. जाहीर धिक्कार नाही की बंडाची चिथावणी नाही.

सम्राटाने राजचिन्हे उतरविली, चर्चमध्ये सर्वांसमक्ष अश्रू ढाळले. त्याच वर्षीच्या नाताळाला त्याला पुन्हा प्रभुभोजनात घेतले गेले.

इथे थांबले तर अँब्रोजची आरती ओवाळून मोकळे होता येईल. परंतु दोनच वर्षांपूर्वी, ३८८ साली, युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावी तिथल्या बिशपच्या चिथावणीने जमावाने यहुद्यांचे प्रार्थनामंदिर जाळले होते. बिशपने ते स्वखर्चाने बांधून द्यावे, असा सम्राटाचा हुकूम होता. हा हुकूम न्यायाचा! तो मागे घ्यायला लावला याच अँब्रोजने. वचन मिळेपर्यंत तो वेदीकडे जाईना. शस्त्र तेच, वेदीचे. एकदा मेलेल्यांसाठी उपसले, एकदा जाळणाऱ्यांसाठी. सम्राटाला जाब विचारायला बिशप होता. बिशपला विचारणारे त्या दिवशी मिलानमध्ये कोणी निघाले नाही.

थिओडोसियस ३९५ मध्ये मिलानलाच वारला. अंत्यविधीच्या भाषणात अँब्रोजने त्याच्या लढायांइतकेच त्याच्या त्या रडण्याचेही कौतुक केले. रोमन कायद्यांच्या संहितेत त्याच्या नावावर एक छोटासा नियमही आहे: सम्राटाने रिवाजाबाहेर कडक शिक्षा फर्माविली, तर अंमलबजावणी तीस दिवस रोखून धरावी. हस्तलिखितात त्यावर ३८२ ची तारीख आहे. जुने चर्च-इतिहासकार मात्र तो थेस्सलनीकाच्या पश्चात्तापातून निघाला असे सांगतात. तारीख कोणतीही खरी धरा. रागावलेल्या माणसाच्या सहीखाली महिनाभर शाई वाळू द्यावी, हे कुणा कारकुनाला नव्हे, सम्राटाला स्वतःविरुद्ध लिहून ठेवावेसे वाटले.