कोकण किनाऱ्यावरील मासेमारी: बदलते हवामान आणि लहान मासळीचा प्रश्न

पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कोणत्याही बंदरावर मासळी का घटली असे विचारले, तर हल्ली पहिले उत्तर 'हवामान' असे मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे.

समुद्रात काय बदलले?

अरबी समुद्राचे वरच्या थरातील पाणी गेल्या काही दशकांत तापत आहे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शिवाय वरचा गरम थर खालच्या थंड, अन्नद्रव्यांनी भरलेल्या पाण्यात सहज मिसळत नाही. त्यामुळे माशांचे मूळ खाद्य असलेले सूक्ष्म प्लवक कमी पोसले जातात. मासा सोसवेल असे पाणी शोधत सरकतो. पूर्वी मुख्यतः केरळ-कर्नाटकात मिळणारी तारली उत्तरेकडेही मिळू लागली, तर बांगडा पूर्वीपेक्षा खोल पाण्यात सापडू लागला. ठरलेल्या ठिकाणी मासा न मिळाल्यास बोट लांब न्यावी लागते आणि डिझेलचा खर्च वाढतो.

वादळांचा फटका याहून थेट आहे. पावसाळी बंदी संपल्यावर ऑगस्ट ते नोव्हेंबर हा कमाईचा काळ. 2019 मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच 'क्यार' आणि 'महा' ही वादळे पाठोपाठ आली आणि बोटी बंदरात उभ्या राहिल्या. पुढे जून 2020 मध्ये 'निसर्ग' आणि मे 2021 मध्ये 'तौक्ते' आले. अवकाळी पावसाने सुक्या मासळीचेही नुकसान होते. बांबूच्या आडव्या काठ्यांवर, म्हणजे वलांडीवर, टाकलेले बोंबील एका सरीने भिजले की बुरशी धरतात. खळ्यावरचे धान्य भिजलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

जाळ्यात काय येते?

पापलेट (सरंगा) सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला. सातपाटीची ओळखच या माशावर उभी आहे. लहान आसाच्या डोल व ट्रॉल जाळ्यांत त्याची पिल्ले मोठ्या संख्येने अडकतात आणि मातीमोल भावाने विकली जातात. तीच पिल्ले काही महिने पाण्यात राहिली असती, तर वजन आणि भाव दोन्ही कित्येक पट झाले असते. पुढच्या पेरणीचे बियाणे दळून खाण्यासारखाच हा व्यवहार आहे.

राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले. पापलेटसाठी तो 135 मिमी आणि बोंबलासाठी 180 मिमी आहे. मात्र पापलेट साधारण 20 सेंमी किंवा त्याहून मोठा झाल्यावरच पहिल्यांदा अंडी घालतो. म्हणजे 135 मिमीचा मासा पकडणे कायदेशीर असले, तरी त्याने एकदाही वीण दिलेली नसते. विस्तार कार्यकर्त्यांनी हा फरक बैठकीत मोजपट्टी घेऊन दाखवावा. तोंडी सांगून तो ठसत नाही.

एलईडी दिव्यांच्या साह्याने मासेमारीस 2017 पासून केंद्राने मनाई केली आहे. तरीही ती थांबलेली नाही, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार रास्त आहे. लहान बोटवाल्याने आस मोठी करायची आणि दिवेवाल्याने सगळा थवा उचलायचा, असे चालले तर गावात कोणी नियम पाळणार नाही. अंमलबजावणी आधी तिथे हवी.

खाड्यांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. कोळंबी, चिंबोरी आणि अनेक माशांची पिल्ले कांदळवनाच्या मुळांत वाढतात. भराव टाकला किंवा सांडपाणी सोडले, की ही रोपवाटिका बुजते.

काय करता येईल?

- ट्रॉल जाळ्याच्या शेपटाला 40 मिमीची चौकोनी आस ठेवावी.
- 1 जून ते 31 जुलैची बंदी पूर्ण पाळावी. पावसाळा अनेक जातींच्या विणीचा काळ आहे.
- निघण्यापूर्वी हवामान खात्याचा इशारा पाहावा. हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था पाण्याचे तापमान आणि प्लवकांचा रंग उपग्रहातून पाहून संभाव्य मासेमारी क्षेत्रे कळवते. त्याने फुकटच्या फेऱ्या वाचतात.
- बोंबील सुकवणाऱ्या महिला गटांनी पावसापासून झाकता येईल असा मांडव किंवा सौर वाळवणी यंत्र सामायिक घ्यावे.
- किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळते. एप्रिल 2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला आहे. त्याखालील सवलतींसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात बोटीची नोंदणी आणि सोसायटीचा दाखला घेऊन जावे.