खेळाच्या ग्रुपवर राजकारण आले तर? ‘राजकीय पोस्ट नको’ हा नियम कुठे चालतो, कुठे अडतो

क्रिकेट, कबड्डी किंवा कुस्तीच्या चाहत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या माहितीत बहुधा एक ओळ असते : ‘राजकीय पोस्ट टाकू नयेत.’ ही ओळ लिहायला सोपी असते, पाळायला अवघड. निवडणूक लागली, भारत-पाकिस्तान सामना आला किंवा शेतमालाचा भाव पडला की ती मोडते. मग कोणी ग्रुप सोडतो, कोणाला काढले जाते आणि काही दिवसांनी सरावाला माणसे कमी पडू लागतात.

गावाकडे असा ग्रुप गप्पांपुरता नसतो. स्पर्धेची वर्गणी, मैदानाची वेळ, जखमी खेळाडूसाठी मदत ही सगळी कामे त्याच ग्रुपवर होतात. म्हणून तिथला वाद कसा हाताळला जातो याचा परिणाम मैदानावर दिसतो.

विंचूरचे उदाहरण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे कांद्याच्या व्यापाराचे गाव आहे. लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार इथे आहे. अशा गावात क्रिकेटच्या ग्रुपवरचे बरेच सदस्य कांदा पिकवणारे, विकणारे किंवा वाहून नेणारे असणार हे उघड आहे.

आता २०२३-२४ चे वेळापत्रक पाहा. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. १९ नोव्हेंबरला एकदिवसीय विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातच बंद झाली. २२ मार्च २०२४ ला आयपीएल सुरू झाली. ४ मे रोजी निर्यातबंदी उठली, पण किमान निर्यात मूल्य आणि शुल्काची अट राहिली. विंचूर ज्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येते, तिथे २० मे रोजी मतदान झाले. २६ मे रोजी आयपीएलचा अंतिम सामना आणि ४ जूनला निकाल, तोही टी-२० विश्वचषक सुरू असताना.

म्हणजे सामन्यांचा, बाजाराचा आणि प्रचाराचा हंगाम एकच होता. अशा वेळी कोणी ‘आज भाव किती निघाला?’ असे विचारले, तर ते विषयांतर नक्कीच आहे. पण ते राजकारण आहे का? विचारणाऱ्यासाठी तो पोटापाण्याचा प्रश्न असतो. त्याखाली कोणी सरकारविरुद्ध एक वाक्य लिहिले आणि दुसऱ्याने सरकारची बाजू घेतली, की तोच धागा राजकीय होतो. पहिल्या प्रश्नावरच ‘राजकारण नको’ म्हटले, तर शेतकरी सदस्याला आपल्याच गावात गप्प केल्यासारखे वाटते. काहीच म्हटले नाही, तर पुढचे पन्नास संदेश खेळाचे नसतात.

इथेच या नियमाची खरी अडचण कळते. ‘हे राजकारण आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असते. ‘याचा खेळाशी संबंध आहे का?’ या प्रश्नावर मात्र बहुतेकांचे एकमत होऊ शकते.

खेळातले राजकारण जुनेच

खेळ आणि राजकारण पूर्वी वेगळे होते, समाजमाध्यमांनी ते एकत्र आणले, असा समज आहे. महाराष्ट्राचा इतिहास तसे सांगत नाही.

मुंबईत १९१२ पासून चौरंगी क्रिकेट स्पर्धा होत असे. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे धर्म व समाजावर आधारलेले संघ त्यात खेळत. १९३७ मध्ये ‘रेस्ट’ हा पाचवा संघ आला आणि ती पंचरंगी झाली. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी क्रिकेटमधील अशा धार्मिक वाटणीला जाहीर विरोध केला. त्यावर प्रेक्षकांत, वृत्तपत्रांत आणि खेळाडूंत मोठा वाद झाला. १९४६ मध्ये स्पर्धा बंद पडली. हिंदू संघाचे गाजलेले दलित गोलंदाज बाळू पालवणकर यांना त्या संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. पुढे १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या काळच्या चाहत्यांना क्रिकेटवर बोलताना जात आणि धर्म बाजूला ठेवणे शक्य नव्हते.

नंतरची उदाहरणेही कमी नाहीत. ऑक्टोबर १९९१ मध्ये शिवसैनिकांनी वानखेडे मैदानाची खेळपट्टी उखडली आणि पाकिस्तानचा दौरा रद्द झाला. ज्यांच्या नावाने हे मैदान ओळखले जाते, ते शेषराव वानखेडे स्वतः राजकारणी आणि विधानसभेचे अध्यक्ष होते. शरद पवार मुंबई क्रिकेट संघटना, बीसीसीआय आणि आयसीसी अशा तिन्ही संस्थांचे अध्यक्ष राहिले. एप्रिल २०१६ मध्ये राज्यात दुष्काळ असताना मैदानांवर वापरल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलवावेत, असा आदेश न्यायालयाने दिला. २०२३ मध्ये महिला कुस्तीगिरांनी जंतरमंतरवर आंदोलन केले. सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकात भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही.

यातल्या एकाही घटनेवर खेळाच्या ग्रुपवर बोलायचे नाही म्हटले, तर खेळाबद्दलच बोलता येणार नाही. म्हणून सरसकट बंदी टिकत नाही.

रेषा कुठे आखायची?

सोयीसाठी राजकीय वाटणाऱ्या संदेशांचे तीन प्रकार करता येतात.

पहिला, खेळातून आलेले राजकारण. संघनिवड, क्रीडा संघटनांच्या निवडणुका, खेळाडूंची आंदोलने, सरकारी बक्षिसे, मैदानाची जागा हे त्यात येते. नाशिकमध्ये सराव केलेल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. राज्य सरकारने त्याला एक कोटी रुपये जाहीर केले. हरियाणाच्या तुलनेत ही रक्कम कमी का, ही चर्चा सरकारवर टीका करणारी असली तरी खेळाचीच आहे. ती चालू द्यावी.

दुसरा, सदस्यांच्या जगण्याशी जोडलेले विषय. कांद्याचा भाव, बिबट्याची बातमी, वीज, पाणी, रस्ता. हे विषयांतर आहे, पण त्यात कोणाचा अपमान नाही. माहितीचा एखादा संदेश खपतो. चर्चा लांबली तर ती दुसरीकडे न्यावी.

तिसरा, पक्षाचा किंवा गटाचा प्रचार. नेत्यांची छायाचित्रे, खिल्ली, मतदानाचे आवाहन, धर्म-जातीवरची टोमणेबाजी. याला खेळाच्या ग्रुपवर जागा नसावी.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक वेगळी गोम असते. महाराष्ट्रात ही निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. तिथे पॅनेल असतात आणि एकाच भावकीतली माणसे दोन पॅनेलमध्ये असू शकतात. ‘पक्षाच्या पोस्ट नकोत’ एवढाच नियम असेल, तर पॅनेलचा प्रचार त्यातून सहज सुटतो. गावातला सगळ्यात कडवट वाद नेमका तोच असतो. म्हणून नियमात ‘कोणत्याही निवडणुकीचा प्रचार’ असे शब्द असावेत.

अ‍ॅडमिनची खरी परीक्षा

नियम मोडतो तो बहुधा विरोधकांच्या पोस्टवर नाही, आपल्या माणसाच्या पोस्टवर. गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धांना ‘आमदार चषक’, ‘खासदार चषक’ अशी नावे असतात. बक्षिसाची रक्कम, करंडक, टी-शर्ट हे बऱ्याचदा पुढाऱ्यांकडून येते. मग त्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक ग्रुपवर पडतो आणि तो कोणाला राजकीय वाटत नाही. दुसऱ्या बाजूच्या सदस्याने आपल्या नेत्याचा फलक टाकला की मात्र नियमाची आठवण होते.

असा एकतर्फी नियम नियम नसण्यापेक्षा वाईट. त्याने वाद थांबत नाही, फक्त एका बाजूची माणसे गप्प होतात आणि नंतर निघून जातात. यावर साधा उपाय असा : स्पर्धेच्या जाहिरातपत्रकावर प्रायोजकाचे नाव असेल तर ते पत्रक चालेल, पण शुभेच्छा, सत्कार आणि उद्घाटनांचे फलक कोणाचेच नकोत. शक्य असेल तर अ‍ॅडमिन दोन-तीन असावेत आणि ते एकाच गटाचे नसावेत.

सरकारी कर्मचाऱ्यांचाही विचार करावा लागतो. शिक्षक, पोलीस, महसूल कर्मचारी अशा ग्रुपवर असतात. सेवेच्या वर्तणूक नियमांनुसार त्यांना राजकीय प्रचारात भाग घेता येत नाही. प्रचार सुरू झाला की त्यांच्यापुढे ग्रुप सोडणे हाच सुरक्षित मार्ग उरतो.

अ‍ॅडमिनच्या हातात काय असते?

व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅडमिन सदस्याला घेऊ किंवा काढू शकतो. संदेश फक्त अ‍ॅडमिनच पाठवतील, असे बंधन घालू शकतो. २०२२ पासून कोणत्याही सदस्याचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोयही त्याला मिळाली आहे. संदेश कोणत्या अ‍ॅडमिनने पुसला हे सगळ्यांना दिसते. त्यामुळे पुसल्यावर एका ओळीत कारण देणे चांगले. न सांगता पुसलेला संदेश स्वतःच नव्या वादाचा विषय होतो.

दुसरा ग्रुप काढणे हा सगळ्यात उपयोगी मार्ग. एक ग्रुप सामने, सराव आणि वर्गणीसाठी, तर दुसरा ‘पार’ किंवा ‘कट्टा’ म्हणून बाकी सगळ्यासाठी. गावात पारावर जी चर्चा चालते, ती मैदानात चालत नाही आणि त्याचे कोणाला वाईटही वाटत नाही. बोलण्याची दुसरी जागा असली की ‘इथे नको’ हे ‘बोलूच नको’ असे ऐकू येत नाही. दुसऱ्या ग्रुपवर यायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कायदा काय सांगतो?

सदस्याच्या पोस्टसाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येते का, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणातून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. मार्च २०२१ मध्ये खंडपीठाने अ‍ॅडमिनविरुद्धचा गुन्हा रद्द केला. समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल, तर केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी त्याला दोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मजकूर टाकला जाण्याआधी तो रोखण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला नसतो, हेही त्यात नोंदवले आहे. संदेश पुसण्याची सोय मात्र या निकालानंतर आली. त्यामुळे भडकाऊ मजकूर दिसताच पुसणे केव्हाही शहाणपणाचे.

लिहिणाऱ्याची जबाबदारी वेगळी. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली होती. त्यानंतर माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ ला आव्हान दिले गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. म्हणजे एखादे मत कोणाला खटकले एवढ्यावरून तो गुन्हा होत नाही. पण समाजात तेढ निर्माण करणे किंवा तशी अफवा पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ आणि ३५३ खाली गुन्हा होऊ शकतो.

सामन्याच्या उत्साहातला वाद किती दूर जाऊ शकतो, हे मालवणमध्ये दिसले. २३ फेब्रुवारी २०२५ च्या भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी भारतविरोधी घोषणा दिल्याची तक्रार एका कुटुंबाविरुद्ध झाली. लगेच दुसऱ्या दिवशी नगर परिषदेने त्यांचे दुकान अनधिकृत ठरवून पाडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ग्रुपवर कोणाच्या देशप्रेमावर शंका घेणारा संदेश हलक्यात का घेऊ नये, हे यावरून कळते. असा आरोप तपासला जाण्याआधीच त्याची किंमत मोजावी लागू शकते.

वाद पेटल्यावर काय करावे?

पहिले, ग्रुप काही तासांसाठी ‘फक्त अ‍ॅडमिन’वर ठेवावा. रात्रीच्या वादाला सकाळपर्यंत थांबवले, तर बरेचसे शांत होते.

दुसरे, संबंधिताशी फोनवर किंवा समोर बोलावे. चारचौघांत सुनावले की माणूस मुद्द्यासाठी नाही, मान राखण्यासाठी भांडतो. वयाने मोठ्या सदस्याशी त्याच्या बरोबरीच्या माणसाने बोललेले बरे.

तिसरे, काढण्याआधी किमान एकदा समज द्यावी आणि काढलेच तर मुदत सांगावी. निवडणूक संपेपर्यंत बाहेर ठेवलेला सदस्य परत येऊ शकतो. कायमचा काढलेला बहुधा स्वतःचा ग्रुप काढतो आणि संघ फुटतो. धमकी, शिवीगाळ किंवा जाती-धर्मावरून अपमान असेल, तर मात्र सवलत नको.

चौथे, नियम शांततेच्या काळात ठरवावेत. स्पर्धा सुरू होण्याआधी किंवा आचारसंहिता लागण्याआधी सर्वांना विचारून ते लिहिले, तर ऐन वादात ते कोणा एकाविरुद्ध केल्याचा आरोप होत नाही.

निवडणुका येतात आणि जातात, कांद्याचा भाव चढतो आणि पडतो. संघाला मात्र पुढच्या रविवारीही अकरा खेळाडू लागतात, आणि ते सगळे एकाच पक्षाला मत देणारे कधीच नसतात. खेळाच्या ग्रुपवरचा नियम त्या अकरा जणांना एकत्र ठेवतो का, एवढेच तपासावे.