चौकटीतला चौकोन : ‘सुपर गेम बॉय’विषयी

१९९४ च्या जून महिन्यात निन्टेन्डो कंपनीने जपान आणि अमेरिकेच्या बाजारात एक जोडउपकरण आणले. नाव ‘सुपर गेम बॉय’. दिसायला ते त्या कंपनीच्या घरगुती खेळयंत्रात बसणाऱ्या एखाद्या कार्ट्रिजसारखेच होते. फरक इतकाच, की त्याच्या माथ्यावर एक खाच होती आणि त्या खाचेत दुसरे, लहान कार्ट्रिज बसत असे. हे लहान कार्ट्रिज ‘गेम बॉय’ या हातात धरून खेळायच्या संचाचे. मोठे यंत्र टीव्हीला जोडलेले असे, त्यामुळे तळहातावरचा खेळ दिवाणखान्यातल्या पडद्यावर दिसू लागे. वस्तू एवढीच. साहित्याच्या अभ्यासकांनी तिची दखल का घ्यावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्तच म्हणावा लागेल. आमचे म्हणणे असे, की एक कृती एका वाचनस्थळाहून दुसऱ्या वाचनस्थळी नेली असता तिचे काय होते, मूळ पाठ कशाला म्हणायचे आणि भाष्य कशाला, या आपल्या जुन्या प्रश्नांचे इतके स्वच्छ उदाहरण पोथ्यांच्या इतिहासातही सहसा सापडत नाही.

प्रथम मूळ संचाविषयी. गेम बॉय १९८९ च्या एप्रिलमध्ये जपानात आला. तो गुन्पेई योकोई यांच्या विभागाने घडवला होता. योकोईंची एक धारणा प्रसिद्ध आहे. जे तंत्रज्ञान जुने झाले, स्वस्त झाले, ज्याचे गुणदोष सर्वांना ठाऊक झाले, अशा कोमेजलेल्या तंत्रज्ञानाचा आडव्या दिशेने विचार करून त्याला नवा उपयोग शोधावा, अशी ती धारणा. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ रंगीत आणि उजळ पडदा घेऊन आला, पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ही तसाच. गेम बॉयचा पडदा मात्र हिरवट-करड्या रंगाचा आणि स्वतःचा उजेड नसलेला. आडवे १६० आणि उभे १४४ बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला अवघ्या चार छटा. या दारिद्र्याचा मोबदला असा, की चार पेन्सिल सेलवर हा संच कित्येक तास चाले आणि सामान्य घरातल्या मुलाच्या हाती पडण्याइतका स्वस्त राही. रंगीत प्रतिस्पर्धी मागे पडले. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून अधिक संच विकले गेले.

चार छटांच्या जगात रंग नव्हता असे मात्र म्हणता येत नाही. तो शब्दांत होता, खोक्यावरच्या चित्रात होता, खेळाडूच्या कल्पनेत होता. याचे एक गमतीदार उदाहरण म्हणजे १९९२ चा ‘किर्बी’चा पहिला खेळ. त्यातला गोल, फुगणारा नायक पडद्यावर अर्थातच पांढरट दिसे. त्याचा जनक मासाहिरो साकुराई याच्या मनात तो गुलाबी होता. परंतु उत्तर अमेरिकेत खेळाच्या खोक्यावर तो चक्क पांढरा छापला गेला. तिथल्या मंडळींनी पडद्यावर जे दिसले ते प्रमाण मानले, इतकेच. शब्दप्रामाण्य मानावे की लेखकाचा हेतू, हा वाद आपल्या वर्गांतून घातला जातो तेव्हा हा पांढरा किर्बी हाताशी असायला हरकत नाही.

आता जोडउपकरणाकडे वळू. सुपर गेम बॉय मूळ खेळाचे ‘भाषांतर’ करत नव्हता, ही त्याच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट. त्याच्या पोटात गेम बॉयचीच यंत्रणा, तोच प्रक्रियक, जवळजवळ जशीच्या तशी बसवलेली होती. खेळ तिथेच चाले, आणि त्यातून निघालेले चार छटांचे चित्र मोठे यंत्र उचलून टीव्हीवर मांडे. म्हणजे मूळ संहिता अक्षरशः अबाधित. तरीही वाचन बदललेच. या उपकरणाने आपले घड्याळ मोठ्या यंत्राकडून उसने घेतले होते. त्या यंत्राच्या गतीला पाचाने भागले, की जपान-अमेरिकेतल्या संचांवर मूळ गेम बॉयपेक्षा सुमारे २.४ टक्के अधिक वेग निघतो. शंभर सेकंदांचे संगीत साडेसत्त्याण्णव सेकंदांच्या आसपास संपते आणि त्याची पट्टी अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून किंचित कमी इतकी चढते. बहुतेकांना हे कळतही नाही. ज्याचा कान त्या धुनांवर वाढला आहे त्याला मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटते. एक गोष्ट तर उघडच गमावली होती. दोन गेम बॉय तारेने जोडून समोरासमोर खेळण्याची सोय मूळ संचात होती. या उपकरणात त्या तारेसाठी जागाच ठेवली नव्हती. खेळ खासगीतून घराच्या मध्यावर आला, पण मित्राकडे जाणारी वाट तुटली.

रंगांची कथा अधिक रंजक आहे. चित्रात छटा चारच असल्यामुळे प्रत्येक छटेच्या जागी एकेक रंग घातला, की चित्र ‘रंगीत’ होते. असे बत्तीस रंगसंच उपकरणात तयार होते. खेळाडू हवा तो निवडू शके किंवा स्वतः जुळवू शके. निन्टेन्डोच्या काही जुन्या खेळांचे नाव कार्ट्रिजवरून वाचून उपकरण त्यांना ठरलेला संच आपोआप लावी. किर्बीचा समावेश त्यांत होता. म्हणजे पांढऱ्या-गुलाबीचा वाद इथे कंपनीने आपल्या बाजूने निकालात काढला. मात्र जे खेळ या उपकरणासाठी म्हणून पुढे रचले गेले, त्यांना आणखी एक सवलत होती. ते पडद्याचे भाग पाडून प्रत्येक भागाला निराळा रंगसंच देऊ शकत. इथे एक मेख आहे. रंग जागेला मिळे, वस्तूला नव्हे. आठ बाय आठ बिंदूंच्या चौकोनाला जो रंगसंच नेमला असेल, त्या चौकोनात येणारे पात्र तोच रंग घेई आणि चौकोन ओलांडला की टाकून देई.

आमच्या पिढीच्या मराठी वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ऐंशीच्या दशकात कृष्णधवल टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा पडदा लावण्याची टूम आपल्याकडे आली होती. वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा. आकाश निळे आणि गवत हिरवे असावे, ही त्यामागची अपेक्षा. क्रिकेटचा सामना असला तर ती काही अंशी पुरीही होई. बातम्या देणाऱ्या बाईंचे कपाळ मात्र निळे आणि पदर हिरवा. आमच्या घरी असा पडदा होता आणि तो काढावा की ठेवावा यावर दोन तट होते. वडीलधाऱ्यांचा तट जिंकला. सुपर गेम बॉयने हेच केले, असे म्हटले तर ते त्याच्यावर थोडा अन्याय करणारे होईल. कारण प्लास्टिकच्या पडद्याला समोर काय चालले आहे याचा पत्ता नसे. नव्या खेळांचे रचनाकार मात्र कोणत्या क्षणी कुठे कोणता रंग पडावा हे आधीच लिहून ठेवत. पण जात तीच.

रंगाहून आम्हांला चौकट अधिक विचार करण्याजोगी वाटते. मोठ्या यंत्राचे चित्र २५६ बाय २२४ बिंदूंचे. त्यात गेम बॉयचा चौकोन मधोमध ठेवला तर तो जेमतेम चाळीस टक्के जागा व्यापतो. उरलेल्या साठ टक्क्यांचे काय करायचे? काळी ठेवता आली असती. निन्टेन्डोने ती चितारली. उपकरणात काही तयार चौकटी होत्या आणि नवे खेळ आपली स्वतंत्र चौकट घेऊन येत. खेळाडूला तीवर स्वतःच्या रेघोट्या ओढण्याचीही मुभा होती, जशी ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या समासात वाचक बिनदिक्कत घेतात. मूळ श्लोक पानाच्या मध्यावर आणि टीका त्याच्या वर-खाली, अशा त्रिपाठी पोथ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे दृश्य परिचित वाटेल. तिथेही टीकेने मुळापेक्षा अधिक जागा खाल्लेली असते, आणि तरी डोळा मध्यावर जातो.

या चौकटीचा सर्वांत बुद्धिमान उपयोग पहिल्याच प्रयत्नात झाला, असे आमचे मत आहे. १९९४ चा गेम बॉयवरचा ‘डाँकी काँग’ हा या उपकरणाला डोळ्यांसमोर ठेवून रचलेला पहिला खेळ. मूळचा ‘डाँकी काँग’ १९८१ सालचा. दुकानात उभ्या असलेल्या, नाणे टाकून चालवायच्या लाकडी पेटीतला. हातातल्या आवृत्तीत प्रथम त्या जुन्या खेळाचे चार टप्पे येतात आणि खेळाडूला वाटते की संपले. मग तिथून खरा, लांबलचक नवा खेळ उलगडतो. टीव्हीवर याच खेळाभोवती चौकट येते ती जुन्या पेटीची. म्हणजे बाजारातल्या पेटीचा वारस असलेला खेळ खिशात गेला, खिशातून घरातल्या पडद्यावर आला, आणि तिथे आजोबांचा अंगरखा घालून उभा राहिला. स्थलांतराच्या तिन्ही खुणा एकाच चित्रात. चौकट इथे शोभेची राहिली नाही, ती खेळाची वंशावळ सांगते.

ही चौकट कार्ट्रिजमधून मोठ्या यंत्रापर्यंत पोचे कशी, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गेम बॉय बनवताना १९८९ मध्ये अशा दळणवळणाची काहीच तरतूद नव्हती. मग अभियंत्यांनी दोन आडवाटा काढल्या. लहान आज्ञा खेळ बटणांच्या वाटेने पाठवी. खेळाडूचा हात जिथून वाचायचा, त्याच ठिकाणी काही ठरावीक स्पंद उलट लिहायचे. मोठी चित्रे या वाटेने जाणे अशक्य होते. त्यांच्यासाठी युक्ती अशी, की टीव्हीवरचे दृश्य क्षणभर गोठवायचे, त्या अवधीत चौकटीची सगळी माहिती गेम बॉयच्या आतल्या पडद्यावर ठिपक्यांच्या रूपाने ‘दाखवायची’, आणि मोठ्या यंत्राने ते चित्र माहिती म्हणून उचलायचे. प्रेक्षकाला यातले काहीही दिसत नाही. भाष्य मुळाच्याच तोंडून, पण पडद्याआड सांगितले जाते. योकोईंच्या आडव्या विचाराची ही शाखाच म्हणावी लागेल.

१९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये ‘पॉकेमॉन’चे पहिले दोन खेळ, लाल आणि हिरवा, प्रसिद्ध झाले. या खेळांतल्या गावांची नावे रंगांची आहेत. निबी म्हणजे राखाडी. हानादा हा फिकट निळा. कुचिबा म्हणजे गळून पडलेल्या पानांचा रंग, यामाबुकी एका सोनपिवळ्या फुलाचा. इंग्रजी अनुवादात कुचिबाचे शेंदरी झाले आणि यामाबुकीचे केशरी. ज्याच्या हाती गेम बॉय होता, त्याला ही सगळी गावे एकाच करड्या मातीची दिसत. रंग होता तो फक्त गावाच्या नावात. हेच कार्ट्रिज सुपर गेम बॉयमध्ये घातले, की गावात पाऊल टाकताच सारा पडदा त्या गावाची छटा घेई. लढाईतल्या प्राण्यांनाही आपापले रंग मिळत, आणि त्यांच्या शक्तीची पट्टी हिरव्याची पिवळी, पिवळ्याची लाल होई. मोजक्या रंगांतली ही रंगसंगती प्राथमिक आहे, पण तिचा परिणाम आम्हांला कवितेतल्या विशेषणासारखा वाटतो. नाव आधी, रंग मागाहून. आणि विरोधाभास असा, की या खेळाचा सारा प्राण होता प्राण्यांची देवघेव, म्हणजे तीच दोन संचांमधली तार. गावांचे रंग पाहायचे तर मित्र नाही, मित्र हवा तर रंग नाहीत. १९९८ च्या जानेवारीत आलेल्या ‘सुपर गेम बॉय २’ने ही अडचण दूर केली. त्यात तारेची जागा होती आणि स्वतःचे घड्याळ असल्याने वेगही मूळपदावर आला. पण तो जपानबाहेर विकलाच गेला नाही. अमेरिकेत पॉकेमॉन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोचला, तेव्हा तिथल्या मुलांना पहिल्याच उपकरणावर भागवावे लागले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. २००३ मध्ये गेमक्यूबच्या तळाशी बसणारा ‘गेम बॉय प्लेअर’ आला. त्यातही खरी यंत्रणाच होती आणि चौकटीही होत्या, पण त्या उपकरणाच्या. खेळांनी स्वतः आणलेल्या चौकटींकडे आणि रंगांकडे त्याने लक्ष दिले नाही. २०१७ च्या ‘स्विच’ने हातातला संच आणि टीव्हीचा संच हा भेदच मिटवला, आणि अशा जोडउपकरणाचे प्रयोजन उरले नाही.

आता मूळ मुद्दा. जुन्या खेळांच्या अभ्यासकांत आणि संग्राहकांत एक मत आढळते. करडा पडदा हेच मूळ, बाकी सगळी नंतरची रंगरंगोटी. ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन आला तेव्हा आपल्याकडे जे बोलले गेले, त्याच जातीचे हे मत आहे, आणि १९९४ पूर्वीच्या खेळांपुरते ते आम्हांला मान्य आहे. किर्बीवर चढवलेला रंग हे भाष्यच होय. परंतु १९९४ नंतरच्या ज्या खेळांनी आपले रंग आणि आपली चौकट कार्ट्रिजमध्ये स्वतः वागवली, त्यांच्याबाबत हा न्याय लागू पडत नाही. तिथे करडा आणि रंगीत हे दोन्ही पाठ कर्त्यांच्याच हातचे, एकाच वेळी लिहिलेले आणि एकाच कार्ट्रिजमध्ये बांधलेले आहेत. आपल्या पाठचिकित्सेला लेखनिकांच्या चुकांतून निपजलेल्या पाठभेदांची सवय आहे. कर्त्याने वाचनस्थळ पाहून मुद्दाम ठेवलेल्या पाठभेदासाठी तिच्यापाशी तयार नियम नाही. बहुसंख्यांनी करडा पाठ वाचला हे खरे, पण बहुसंख्यांनी वाचला म्हणून तो एकमेव ठरत नाही.

हा वाद निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही. २०१६ च्या २७ फेब्रुवारीला, पॉकेमॉनच्या विसाव्या वाढदिवशी, निन्टेन्डोने ते पहिले खेळ आपल्या ‘थ्रीडीएस’ संचासाठी अधिकृतपणे पुन्हा उपलब्ध केले. आवृत्ती करडी होती. जवळ असलेल्या मित्राशी देवघेव करण्याची सोय बिनतारी रूपाने आवर्जून राखली होती, गावांचे रंग आणि चौकट मात्र वगळली होती. २०२३ च्या मार्चमध्ये त्या संचाचे दुकान बंद झाले आणि ही आवृत्तीही नव्याने विकत घेता येईनाशी झाली. मूळ कार्ट्रिजे अजून जुन्या बाजारात मिळतात. ती सुरू होताच खेळ बटणांच्या वाटेने एक ठरलेली आज्ञा पाठवून पलीकडे सुपर गेम बॉय आहे का याची चाचपणी करतो. उत्तर आले नाही, तर तो रंगांचा आणि चौकटीचा सारा मजकूर बाजूला ठेवतो आणि करड्या पडद्यावर शीर्षक दाखवतो.