देवी गेल्या, कावीळ राहिली

मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा आजेसासूबाई नव्वदीला टेकल्या होत्या. दोन्ही गालांवर देवीचे व्रण. म्हणायच्या, “एका महिन्यात दोन भावंडं गेली गं, मी तेवढी उरले.” पण त्याला रोग म्हटलेलं त्यांना चालत नसे. ‘देवी आल्या होत्या’ असंच म्हणायचं. इकडे माळव्यात होळीनंतरच्या शीतला सप्तमीला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं खातात. आपण जैन, आपल्याला शिळं वर्ज्य. तरी शेजारणींबरोबर त्या मातेला पाणी घालून यायच्या. जी देवी देव्हाऱ्यात नव्हती, तिचं भय मात्र घरात होतं.

हे भय घालवलं ते सुईनं. इंग्लंडात जेन्नरनं १७९६ साली गोवरासारख्या नव्हे, गाईच्या देवीच्या फोडातली लस टोचून पाहिली. ती बगदाद, बसरामार्गे मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेव्हा बर्फाच्या पेट्या कुठल्या! एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव काढायचा नि दुसऱ्याच्या दंडात टोचायचा. ॲनाच्या दंडावरून लस अशीच पुढे देशभर गेली. मे १९७५ मध्ये भारतात देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली सगळं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं.

पण याच गोष्टीला एक दुसरी बाजू आहे. जर्मनीत ब्रेमेनच्या जहाज कारखान्यात १८८३ साली १,२८९ कामगारांना माणसाच्या फोडातून काढलेली देवीची लस टोचली. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. वेगळी लस टोचलेले तिथलेच कामगार ठणठणीत राहिले. म्हणजे कातडीचा रोग टाळायला गेले आणि कुणाच्या तरी रक्तातला यकृताचा रोग सोबत आला. तो विषाणू कळायला पुढं ऐंशीएक वर्षं लागली. ब्लूमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानं तो धागा शोधला. आज आपण त्याला हिपॅटायटिस बी म्हणतो.

हे मी शोधत बसले त्याला कारण घरातलंच आहे. माझ्या थोरल्या दिरांना ऐन तिशीत कावीळ झाली. सासूबाईंनी माळ आणून गळ्यात घातली. माळ लांबत गेली, डोळे पांढरे झाले, ‘उतरली’ म्हणून आम्ही पेढे वाटले. रक्त कुणी तपासलं नाही. पंधरा वर्षांनी पोटात पाणी झालं तेव्हा कळलं, रोग कधी गेलाच नव्हता. सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, “मीच चुकले.” त्या एकट्या कुठे चुकल्या? मी शिकलेली, मीही गप्प बसले होते.

बायांनो, कावीळ एक नव्हे. घाण पाण्यातून येते ती ए आणि ई. पहिली बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. ई मात्र पोटुशी बाईच्या जिवावर उठू शकते. आपण पाणी गाळतो, त्यानं विषाणू अडत नाही. उकळतो, त्यानं तो मरतो. बी आणि सी रक्तातून येतात. एकाच सुईनं कान टोचणं, जत्रेतलं गोंदण, दुसऱ्याचं ब्लेड, यांतून. आईकडून बाळालाही बी जाते, आणि आईला पत्ताही नसतो.

गेल्या वर्षी सून बाळंत झाली. नातीला पहिल्या चोवीस तासांत बीची लस टोचली. ती कळवळून रडली. शेजारची आजी म्हणाली, “एवढ्याशा जिवाला कशाला टोचता?” मला आजेसासूबाईंचे गाल आठवले. मी नातीला कुशीत घेतलं आणि म्हटलं, “टोचू द्या. फक्त सुई नवी आहे ना, तेवढं बघा.”