ग्रँटचं हरीण आणि बॉम्बेची वाट

‘सफर’ हा शब्द मराठीला नवा नाही. सिंदबादच्या सात सफरी आपण सगळ्यांनीच लहानपणी वाचलेल्या असतात. मूळचा अरबी असलेला हा शब्द फारसी-उर्दूच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरही उतरला. तिथल्या स्वाहिली भाषेत त्याचं ‘सफारी’ झालं. अर्थ तोच, प्रवास. या शब्दात तेव्हा बंदूक नव्हती. शे-दोनशे माणसांचा तांडा डोक्याखांद्यावर ओझी घेऊन किनाऱ्यावरून आतल्या मुलखात निघाला की ती सफारी.

मी गझल लिहिणारा माणूस. इंग्रजीत ज्या हरणांना ‘गझेल’ म्हणतात, तो शब्द अरबी ‘गजाल’वरून आलेला आहे, आणि ‘गझल’ व ‘गजाल’ या दोन शब्दांची तीन मूळ अक्षरं एकच आहेत. त्यामुळेच असेल, या हरणांच्या नावांकडे माझं लक्ष गेलं. केनिया आणि टांझानियाच्या गवताळ मैदानांवर आपल्या चिंकाऱ्याची दोन भावंडं एकत्र चरताना दिसतात. एक लहान चणीचं, कुशीवर ठसठशीत काळा पट्टा असलेलं. दुसरं त्याहून मोठं, पुठ्ठ्यावरचा पांढरा रंग शेपटीच्या वरपर्यंत चढलेलं. पहिलं ‘थॉमसनचं गझेल’, दुसरं ‘ग्रँटचं गझेल’. सफारीवर गेलेल्या पाहुण्याला वाटाड्या हा फरक हमखास समजावून देतो. पण हे ग्रँट आणि थॉमसन ज्यांच्या भरवशावर त्या मुलखात चालले, ते वाटाडे कोण होते?

त्या वाटेचं एक टोक आपल्या मुंबईत आहे.

याओ जमातीचा एक मुलगा १९व्या शतकाच्या पूर्वार्धात पकडला गेला, गुलाम म्हणून विकला गेला आणि हिंदुस्थानात आणला गेला. इथं त्यानं बरीच वर्षं काढली. मालक वारल्यावर त्याची सुटका झाली आणि तो आफ्रिकेत परतला, तो आपल्या शहराचं नाव घेऊन. सिदी मुबारक बॉम्बे. सिद्दी म्हटलं की आपल्याला जंजिरा आठवतो, पण या सिदीचा पराक्रम पाण्यावरचा नव्हता, पायांचा होता. १८५७ मध्ये रिचर्ड बर्टन आणि जॉन स्पीक यांच्या तांड्यात तो सामील झाला. हे दोघंही ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी. स्पीकला स्वाहिली येत नव्हती आणि बॉम्बेला इंग्रजी. दोघांचा संवाद चाले तो मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत!

१८६० मध्ये स्पीक पुन्हा निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर जेम्स ग्रँट होता आणि बॉम्बेही होता. अशा तांड्यात हरणाची शिकार ही चैन नव्हती. शेकडो पोटं चालत असायची. संध्याकाळी एखादं मोठं हरीण पडलं, तर मुक्कामाला चूल पेटायची. तांड्यातले बरेच लोक मुसलमान. गोळी लागलेलं हरीण प्राण सोडण्याआधी धावत जाऊन, अल्लाचं नाव घेऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरवली, तरच ते त्यांना खाता येई. साहेबाला मात्र संग्रहालयासाठी अखंड कातडं हवं असे. एकाच हरणात एकाला जेवण दिसत होतं, दुसऱ्याला नमुना. गळा कापला तर कातडं बिघडायचं, न कापावा तर माणसं उपाशी. शिकाऱ्यांच्या प्रवासवर्णनांत ही कुरबुर अधूनमधून डोकावते.

याच सफरीत एकदा स्पीकनं रागाच्या भरात बॉम्बेला सर्वांदेखत बुक्के मारले. ते त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. तरीही बॉम्बेनं तांडा तडीस नेला. पुढं तो स्टॅन्लीबरोबर चालला, कॅमरॉनबरोबर चालत १८७५ मध्ये थेट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला रौप्यपदक दिलं. १८८५ मध्ये तो वारला. ग्रँटच्या नावानं हरणाची शास्त्रीय नोंद १८७२ मध्येच झाली होती. स्पीकच्या नावाची तर दोन हरणं आहेत. बॉम्बेच्या नावाचं एकही नाही.

थॉमसनची गोष्टही फार वेगळी नाही. १८७९ मध्ये मोहिमेचा प्रमुख कीथ जॉन्स्टन वाटेतच दगावला आणि २१ वर्षांच्या जोसेफ थॉमसनवर सगळा भार आला. त्या तांड्याचा मुकादम होता चूमा. गुलामांच्या तांड्यातून सुटलेल्या या मुलाला लिव्हिंग्स्टननं मुंबईला आणून डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशनच्या शाळेत घातलं होतं. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारला, तेव्हा त्याचा देह सुमारे दीड हजार किलोमीटर वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत चूमा आणि सुसी पुढे होते. त्याच तांड्यात होता जेकब वेनराइट, नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये लिहायला-वाचायला शिकलेला. लिव्हिंग्स्टन जिथं वारला, तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरलं ते या नाशिकच्या विद्यार्थ्यानं. चूमा १८८२ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी थॉमसन मसाई मुलखात शिरला आणि १८८४ मध्ये त्या काळ्या पट्ट्याच्या हरणाला त्याचं नाव मिळालं.

मग आगगाडी आली. मोंबासाहून निघालेला तो लोहमार्ग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत पोचला. तो बांधायला हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथंच मेले. आतला मुलूख आता गाडीत बसून गाठता येऊ लागला आणि सफारीचा अर्थ बदलला. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आपला मुलगा केर्मिटसह मोंबासाला उतरले. वाट दाखवायला पगारी गोरे शिकारी, ओझी वाहायला दोनशेहून अधिक हमाल. बापलेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले, त्यांत हरणांच्या कितीतरी जाती होत्या. बरेचसे नमुने वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेले. रूझवेल्ट यांनी आपल्या पुस्तकात बंदूक वाहणाऱ्यांची नावं दिली आहेत, मुहम्मद आणि बकारी. हमाल मात्र बहुतेक आकड्यातच राहिले.

केनियानं १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. तिथल्या सफारीत आता फक्त कॅमेरे असतात. टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिकेत परवाना काढून, परवानाधारक वाटाड्याबरोबर हरणांची शिकार आजही होते. ती असावी की नसावी, यावर दोन्ही बाजूंनी बरंच बोललं जातं आणि ते बोलायलाच हवं. पण त्या वादातही एका माणसाचं नाव क्वचितच निघतं. वाळूतला खूर पाहून हरीण किती वेळापूर्वी गेलं, ते दुखावलेलं आहे की धडधाकट, हे सांगणारा तो मागकाढ्या. त्याच्यावाचून महागडी बंदूक आंधळी आणि महागडा कॅमेराही आंधळाच.

हरणांची नावं आता बदलायची नाहीत. शास्त्राच्या वहीत ती तशीच राहतील. पण ‘सफर’ आपल्याही भाषेतला शब्द आहे, म्हणून आपण एवढं लक्षात ठेवू शकतो, की ग्रँटच्या हरणाच्या वाटेवर पुढे चालणाऱ्या माणसाचं नाव बॉम्बे होतं, आणि तो हिंदुस्थानीत बोलत होता.